२० टी-शर्टांवर ८००० टाक्यांचा लोगो एम्ब्रॉयडरी मशीनवर भरून द्यायचाय, दर कसा काढू?
नुसते टाके मोजून दर लावू नका, मशीनची वेळ मोजा. मिनिटाला ८०० टाके धरले तर भरायला १० मिनिटं लागतात. पण फ्रेम चढवणं, तुटलेला दोरा ओवणं, कापडामागे लावलेला आधाराचा पेपर फाडून धागे कापणं यात आणखी ४ मिनिटं सहज जातात. म्हणजे एका हेडवर (एका वेळी एकच नग भरणाऱ्या मशीनवर) २० नगांना २८० मिनिटं. गाळ्याचं भाडं, लाइटबिल, हप्ता, कारागिराचा पगार यांना मशीन खरोखर चालते तेवढ्याच तासांनी भागा, म्हणजे तासाचा खर्च निघेल; तो या २८० मिनिटांना लावा. दोरा-पेपर त्यावर. पंचिंग (लोगोची मशीनला समजेल अशी टाक्यांची फाइल बनवणं) वेगळं सांगा, ते २० नगांना तेवढंच आणि २०० नगांनाही तेवढंच. ठाण्यात माझ्याकडे गिऱ्हाइकाच्या टी-शर्टला सुईनं भोक पडलं, नवा घेऊन द्यावा लागला. कापड गिऱ्हाइकाचं असेल तर एक नग नुकसानीचा धराच.