तुळशीपत्र कुणाच्या घरावर?

पत्र : "मावशी, मी ४६ वर्षांचा, इंदूरला सरकारी बँकेत अधिकारी. साडेअठरा वर्षं नोकरी झाली, जुन्या पेन्शनमध्ये आहे. सुदामानगरात घर आहे, त्यावर दोघांच्या नावाने कर्ज, ९ वर्षं बाकी. घरी आई (७६), पत्नी खासगी शाळेत शिकवते, मुलगी अकरावीत. मागच्या हिवाळ्यात रजा काढून नर्मदा परिक्रमेचा एक टप्पा पायी केला. पायाला फोड आले म्हणून महेश्वरच्या पुढे एका गावात ११ दिवस मुक्काम पडला. तिथे एक वृद्ध महाराज आदिवासी मुलांचं छोटं वसतिगृह चालवतात. मी मुलांना गणित शिकवलं. निघताना महाराज म्हणाले, 'मय्याने तुम्हाला उगाच थांबवलं नाही.' तेव्हापासून नीट झोप नाही. राजीनामा द्यावा, घर विकावं आणि तिकडेच जावं असं वाटतं. हे सुखात लोळणं पाप वाटायला लागलंय. आई रडते. पत्नी काहीच बोलत नाही, म्हणजे तिची हरकत नसावी. देवाचं काम निवडू की संसार?"

नर्मदे हर, भाऊ.

आधी त्या शेवटच्या वाक्याआधीचं वाक्य. पत्नी बोलत नाही म्हणजे हरकत नाही, हा शोध तुम्ही कुठे लावलात? बँकेत एखाद्या सहकर्जदाराने सही केली नाही तर 'गप्प आहे, म्हणजे मंजूर' असं म्हणून तुम्ही कर्ज वाटता का?

माझे वडील इथल्याच एका मिलमध्ये हिशेबनीस होते. पन्नाशीच्या आत एका सत्संगात इतके रमले की नोकरी सोडून आश्रमाच्या सेवेला गेले. माणूस सच्चा होता, आजही म्हणेन. पण घरी आई पापड लाटायची, लोणची घालायची आणि थोरल्या भावाने कॉलेज सोडून दुकानात नोकरी धरली. लोक वडिलांच्या पाया पडायचे. आईच्या पाया पडलेलं मी कुणाला पाहिलं नाही. तिनेही कधी तक्रार केली नाही. वडिलांना वाटायचं, तिची हरकत नाही.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काही लागत नाही. आपल्या इंदुरात तर हलवायांना तोटाच नाही!

म्हणून तुम्हाला जाऊ नका म्हणतेय असं मात्र समजू नका. तुकोबांची गोष्ट आठवा. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे सगळे सांगतात. त्याआधी काय केलं ते सांगताना लोक घाई करतात. धाकटा भाऊ कान्होबा होता, त्याच्या वाटणीची निम्मी खतं त्यांनी त्याला काढून दिली आणि आपली निम्मी नदीत सोडली. विठ्ठलासाठी भिकेला लागायची तयारी होती, पण भावाला विठ्ठलाच्या नावाने भिकेला लावलं नाही. तुमचं तर उलटंच आहे, भाऊ. तुम्ही कर्ज घेणारे. बुडवायला खत तुमच्या हातात नाही, ते बँकेच्या तिजोरीत आहे आणि त्यावर वहिनींचीही सही आहे.

आणि तुम्ही ज्या महेश्वरच्या पुढे थांबलात, तिथल्या अहिल्याबाईंचं बघा. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभं केलं, देशभर घाट-धर्मशाळा बांधल्या. हा दानधर्म त्यांनी खासगीतून, म्हणजे स्वतःच्या मिळकतीतून केला, दौलतीचा खजिना वेगळा ठेवला. इंदूरच्या माणसाला 'खासगी' शब्दाचा अर्थ सांगायला नको.

तेव्हा तुमच्या खासगीत काय आहे ते मोजा. तुमचा वेळ, पगारातला तुमच्यावर खर्च होणारा भाग, बढती, अंगातली ताकद, लोकांत असलेली पत. हे सगळं खुशाल पणाला लावा, मी टाळ्या वाजवीन. मुलीचं शिक्षण, आईची औषधं आणि वहिनींचं डोक्यावरचं छप्पर त्यात नाही. ते पणाला लावायचं तर ज्याचं त्याला विचारून. साधनाताई आमटे आठवतात. आनंदवन सुरू झालं तेव्हा पदरात दोन लहान मुलं, जवळ १४ रुपये आणि सोबत कुष्ठरोगी. मुलांना विचारणं शक्य नव्हतं, ती टोचणी खरी आहे, पण ताई स्वतः त्या माळावर उभ्या होत्या. नंतर १९९० मध्ये बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला आले, तेव्हाही त्या बरोबर होत्या. दोघांनी मिळून उडी घेतली की तिचा रंगच वेगळा असतो.

आता हिशेबाचं बोलू, तुम्हाला ते समजतं. राजीनामा शब्द काढून टाका. राजीनामा दिलात तर पेन्शनसाठी मागची सगळी सेवा पाण्यात जाते. २० वर्षं पूर्ण झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन सुरू होतं. तुम्हाला जेमतेम दीड वर्ष उरलंय. नर्मदा त्याआधी आटत नाही. दीड वर्ष थांबणं म्हणजे सुखाला चिकटणं असं मन म्हणेल, पण हे मन थोडं नाटकी असतं, माझंही आहे.

दुसरं, तुम्ही गेलात हिवाळ्यात. परिक्रमावासी म्हणून गेलात. ज्या दारात जाल तिथे 'कितनी मूर्ति हैं?', म्हणजे किती जण आहात, असं विचारून पानावर वाढतात. चातुर्मासात परिक्रमा थांबते, तेव्हा कोणी येत नाही. या जुलैत पंधरा दिवसांची रजा काढा आणि त्याच वसतिगृहात जा. छप्पर गळतं का, वीज किती तास असते, तीन मुलांना एकदम ताप आला तर गाडी कुठून येते, रेशनवाल्याची उधारी किती, हे बघा. गणित शिकवू नका, स्वयंपाकघर सांभाळा. परत आल्यावरही झोप येत नसेल तर ती हाक खरी धरा.

कागदही मागा. संस्था नोंदलेली आहे का, हिशेब तपासले जातात का, जागा कुणाच्या नावावर आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होण्याबाबत मध्यप्रदेशचा कायदा कडक आहे, तेव्हा 'तुमच्या नावावर करून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. महाराजांवर अविश्वास म्हणून नाही. उद्या ते नसतील तेव्हा मुलं उघड्यावर यायला नकोत.

आणि एक खाजगीत विचारते, रागावू नका. वसुलीचा, टार्गेटचा कंटाळा आल्यावर देव आठवला असं तर नाही? तसं असेल तर तुमच्यासाठी ते गावच आरामाचं ठिकाण आहे आणि सुदामानगरचं घर हीच जोखीम. मला ठाऊक नाही. त्या ११ दिवसांत जे मूल तुमच्याकडून भागाकार शिकलं, त्याचा चेहरा आजही आठवतो असं असेल तर उत्तर तुमच्याकडे आहे.

या रविवारी सकाळी आईला आणि मुलीला पोहे-जिलबी आणून द्या आणि तुम्ही दोघं राजवाड्यापर्यंत चालत जा. प्रश्न विचारा आणि गप्प बसा. वहिनींना उत्तराला सहा महिने लागले तर लागू द्या. साडेअठरा वर्षं बँकेला दिलीत, सहा महिने त्यांना द्या. 'नको' म्हणाल्या तर त्यामागची भीती कशाची ते विचारा. बहुतेक ती भीती पैशाची नसून एकटं पडण्याची निघेल आणि त्यावर घर विकण्यापेक्षा सोपे उपाय आहेत. महिन्यातून दोन शनिवार-रविवार तिकडे, बाकी इकडे, असंही सुरू करता येतं.

जुलैहून आलात की कळवा. पण पुढचं पत्र वहिनींनी लिहिलं तर मला जास्त आवडेल.

— मावशी