ईसॉपचे ५८ लाख : रोख घ्यावेत की नव्या मालकाचे शेअर?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. डेटाबेस बनवणाऱ्या एका ओपन सोर्स (म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) कंपनीचं काम पाच वर्षांपासून घरूनच करतो. पगार वर्षाला ३० लाख. आता एक मोठी अमेरिकन कंपनी आमची कंपनी विकत घेते आहे. माझ्या व्हेस्ट झालेल्या, म्हणजे मुदत पूर्ण होऊन हक्काच्या झालेल्या, ईसॉपचे (कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर-हक्कांचे) ५८ लाख होतात. ते रोख हवेत की नव्या कंपनीच्या शेअरमध्ये, हे महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. उरलेल्या ईसॉपच्या बदल्यात तीन वर्षांत मिळून ४५ लाखांचे आरएसयू, म्हणजे नोकरीत टिकल्यास टप्प्याटप्प्याने हाती येणारे नव्या कंपनीचे शेअर, मिळतील. घराचं कर्ज २६ लाख, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २६,५००. मित्र म्हणतात सगळे शेअर ठेव. मेव्हणे मिरज रस्त्याकडचा ४० लाखांचा प्लॉट घ्या म्हणतात. काय करू?

उत्तर : रोख घ्या. आणि ५८ लाख हा आकडा आजच डोक्यातून काढून टाका, कारण घरातले सगळे बेत त्यावरच चाललेले दिसतात. ही रक्कम तुमच्या पगारातच धरली जाईल. वर्षाचं उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्यामुळे ३० टक्के करावर १० टक्के अधिभार आणि पुन्हा ४ टक्के उपकर लागेल. कंपनी टीडीएस कापून उरलेले पैसे देईल, ते साधारण ३७–३८ लाख भरतील. म्हणजे मेव्हण्यांचा प्लॉट इथेच बजेटबाहेर जातो.

शेअर घेतले तरी हा कर चुकत नाही. मिळतील त्या दिवशीच्या किमतीवर तो द्यावाच लागतो आणि त्यासाठी बहुधा त्यातलेच काही शेअर विकावे लागतात. म्हणून प्रश्न असा विचारून बघा : बँकेत ३७ लाख रोख पडलेले असते, तर ते सगळे काढून मी या एकाच अमेरिकन कंपनीचे शेअर घेतले असते का? तुमचा पगार त्याच कंपनीकडून येणार, पुढचे आरएसयूही तिचेच. साठवणही तिथेच ठेवली, तर एका वाईट वर्षात तिन्हींना एकदम फटका बसेल. सांगलीतल्या कुठल्याही बेदाणा व्यापाऱ्याला विचारून बघा, बाजार चढेल म्हणून सगळाच बेदाणा कोल्ड स्टोरेजला अडवून ठेवणं किती अंगाशी येऊ शकतं ते.

मित्रांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला प्रोग्रॅमरांचा कोड साठवणारी गिटहब घेतली, मोबदला शेअरमध्ये दिला, आणि ज्यांनी ते शेअर सांभाळले त्यांचं भलं झालं. पण हॅशिकॉर्प ही सॉफ्टवेअर कंपनीही बघा. डिसेंबर २०२१ मध्ये ती ८० डॉलरने बाजारात आली, आणि आयबीएमने ती घेतली तेव्हा भागधारकांच्या हाती शेअरमागे ३५ डॉलर पडले. ८० च्या भावाने आपली संपत्ती मोजणारे कर्मचारी तिथेही असणारच.

आता त्या ४५ लाखांविषयी. याचा विचार तुमच्या पत्रात जवळजवळ नाही आणि खरी मेख इथेच आहे. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट या ओपन सोर्स कंपनीसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. तिचा कोड तर कुणालाही फुकट उतरवून घेता येत होता. पैसे मोजले ते ग्राहकांच्या चालू करारांचे, नावाचे आणि तो कोड आतून ओळखणाऱ्या माणसांचे. तुमचे आरएसयू म्हणजे तुम्ही जागेवर टिकावं म्हणून लावलेली बोली. ती घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र जो हप्ता व्हेस्ट होईल तेवढाच आपला समजा. सन या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये मायएसक्यूएल ही ओपन सोर्स डेटाबेस कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली आणि २०१० मध्ये खुद्द सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. दोन वर्षांत दोन मालक. तुमचं वेळापत्रक तीन वर्षांचं आहे.

याच घटनेत तुमच्यासाठी दिलाशाची गोष्टही आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. मायएसक्यूएलच्या मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याच कोडवरून मारियाडीबी हा नवा डेटाबेस उभा केला. कोड खुला असल्यामुळे तुमचं ज्ञान नव्या मालकाच्या कपाटात बंद होत नाही. नोकरी गेली तरी काम मिळेल. ते मिळेपर्यंतचे महिने काढता आले पाहिजेत, एवढंच.

म्हणून आलेल्या पैशातले १० लाख आधी एफडी आणि लिक्विड फंडात (हवे तेव्हा पटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवा. नवा मालक घरून काम चालू देईलच असं नाही. पुण्यात किंवा बंगळुरात रोज ऑफिसला या म्हणाला, तर तिकडचं भाडं आणि इथला हप्ता दोन्ही चालवावे लागतील.

मग १६ लाख कर्जात भरा, पण हप्ता कमी करून घेऊ नका. बँका बऱ्याचदा आपणहून हप्ता कमी करतात. मुदत कमी करा, असं अर्जात स्पष्ट लिहा. उरलेले १० लाख २६,५०० च्या हप्त्याने पावणेचार वर्षांच्या आत फिटतील, एरवी हेच कर्ज १४ वर्षं चाललं असतं. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्यामुळे कर वाचतो म्हणून कर्ज ठेवायचं हे कारणही उरलेलं नाही. राहिलेले ११–१२ लाख वर्षभरात थोडे थोडे करून इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात) टाका आणि किमान सात वर्षं त्यांना हात लावू नका.

आरएसयू मात्र व्हेस्ट होतील तसे विकत चला. साठवत गेलात तर परदेशी मालमत्ता म्हणून दर वर्षी रिटर्नमध्ये त्यांची माहिती द्यावी लागेल, आणि हे बरेच जण विसरतात. शिवाय अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या माणसाचं निधन झालं आणि त्याची तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असली, तर त्या वरच्या रकमेवर तिकडचा वारसा कर लागतो. त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. घरच्यांवर ही वेळ आणायचं काही कारण नाही.

प्लॉटचं म्हणाल तर आत्ता नको. कर्ज काढून तर नकोच. पुढे कधी विचार केलात, तर तो एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीतला ते आधी पाहा आणि पूररेषेच्या नकाशावर तो कुठे बसतो ते स्वतः तपासा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. ते पाणी कुठवर आलं होतं हे आजूबाजूच्या घरांत विचारलंत तर लोक भिंतीवरची खूण दाखवतील.

महिनाअखेरच्या आत एचआरला दोन गोष्टी ईमेलवर विचारा. कंपनीनेच मला कमी केलं, तर व्हेस्ट न झालेल्या आरएसयूंचं काय होणार? आणि सांगलीतून काम करण्याची मुभा करारात लिहून मिळेल का? फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. पहिल्याचं उत्तर ‘ते बुडतील’ असं आलं, तर १० लाखांऐवजी १४ लाख बाजूला ठेवा आणि कर्जात १२ लाख भरा.