दक्षिण अमेरिकेतला कोणता सायकलपटू ट्रॅक आणि रस्ता दोन्हीकडे गाजला? की तिकडचे सगळे नुसते घाट चढणारेच?

एकच नाव घ्यायचं तर मी कोलंबियाच्या मार्टिन एमिलिओ रॉड्रिगेझचं घेईन. तिकडे सगळ्यांसाठी तो 'कोचिसे'. हे टोपणनाव अमेरिकेतल्या अपाची या मूळनिवासी जमातीच्या एका सरदाराचं. जन्म १९४२ चा, मेडेयिनचा. पोरवयात सायकलवरून सामान पोचवायची नोकरी करायचा.

घाट त्यालाही चढता येत होतेच. अँडीज पर्वतातून जाणारी व्हुएल्टा अ कोलंबिया ही देशातली सगळ्यात मोठी शर्यत त्याने चार वेळा जिंकली: १९६३, ६४, ६६ आणि ६७. पण त्याचं खरं बळ एकट्याने, सपाटीवर, एकाच लयीत वेग टिकवण्यात होतं. ट्रॅकवरच्या 'पर्सूट'मध्ये नेमकं तेच लागतं. दोघे खेळाडू ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकदम सुटतात. सायकलला ना गिअर, ना ब्रेक. पायडल थांबवायची सोयच नाही. तेव्हा हौशी गटात अंतर ४ किलोमीटर असायचं. वारा अडवायला पुढे कोणी नसतं, त्यामुळे सुरुवातीला जोर जास्त लावला तर शेवटच्या किलोमीटरला पाय बोलतात. १९७१ साली इटलीत वारेसेला कोचिसे याच प्रकारात हौशी गटाचा जगज्जेता झाला. सायकलिंगमधला कोलंबियाचा हा पहिला जगज्जेता. त्याच्या आदल्या वर्षी मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत त्याने तासाभरात ४७.५६६ किमी कापून हौशी गटाचा विश्वविक्रम केला होता.

पुढे मात्र घोळ झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला पदकाची आशा होती, पण तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशींसाठी, म्हणून 'व्यावसायिक' असल्याचा ठपका ठेवून त्याला बाहेर काढलं. त्या काळचे हौशीपणाचे नियम मला तरी निव्वळ ढोंग वाटतात. नुकसान झालं ते खेळाडूचं.

मग १९७३ मध्ये, तिशी उलटल्यावर, तो इटलीच्या बियांकी संघात गेला. व्यावसायिक कारकीर्द सुरू करायला हे वय म्हणजे उशीरच. तिथे कप्तान होता फेलिचे जिमोंदी, म्हणजे कोचिसेचं मुख्य काम त्याच्यासाठी राबायचं. तरी १९७३ आणि १९७५ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत, त्याने एकेक टप्पा जिंकलाच. माझ्या मते त्याची सगळ्यात देखणी कामगिरी १९७३ च्या त्रोफेओ बाराक्कीतली. ही दोघादोघांच्या जोड्यांची, घड्याळाविरुद्धची लांब पल्ल्याची शर्यत होती. आळीपाळीने पुढे यायचं, वारा खायचा, मागे सरकायचं. जोडीदार कच्चा असेल तर लगेच उघडा पडतो. इथे जोडीदार होता जिमोंदी, त्याच मोसमात रस्त्यावरचा जगज्जेता झालेला, आणि दोघांनी मिळून शर्यत मारली. पर्सूटवाल्याचे पाय इथे कामी आले.

१९७५ मध्ये तो टूर द फ्रान्सला उतरला. तिथे उतरणारा पहिला कोलंबियन तोच. सत्ताविसावा आला.

'कोलंबियात कॅन्सरपेक्षा मत्सराने जास्त माणसं मरतात' हे वाक्यही त्याच्याच नावावर सांगतात. तिकडे आता त्याची म्हणच झाली आहे.

राहिला तुमचा घाटांचा प्रश्न. ती ख्याती नंतरची. १९८४ च्या टूरमध्ये लुचो हेरेरा या कोलंबियन पोराने, तोही हौशी असताना, आल्प द्युएझ या फ्रान्समधल्या नामांकित घाटाचा टप्पा जिंकला आणि तेव्हापासून युरोपात कोलंबियन म्हटलं की घाट हे समीकरण पक्कं झालं.