गणपतीच्या आधी

बाय,

काल ओटीवर तू कॅलेंडरचं पान पुढे केलंस. पाळीनंतरच्या आठ दिवसांना लाल गोल. "एवढे टाळले की झालं ना, काकी?" नाही झालं. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, आणि पुढची पाळी कधी येणार हे तुला आज कुठून ठाऊक? तुझी तर बाळंतपणानंतर अजून धड लागलेलीही नाही. त्यात पुरुषाचं बीज पोटात पाच दिवस तग धरतं.

सासूबाई म्हणतात, अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत. खरंय, पण पहिले सहा महिने, मूल रात्रंदिवस फक्त अंगावर असेल आणि पाळी आली नसेल तरच. तुझी लेक आठ महिन्यांची, नाचणीचं सत्त्व चाटते.

हे समजावता येतं. माझं डोकं फिरलं ते, "त्यांना कशाला विचारायचं, चार दिवस तर येतात," यावर. नवरा-बायको दोघांनी ठरवा गो! चाकरमानी गणपतीला चार दिवसच येतात, आणि नऊ महिन्यांनी, ज्येष्ठात, आमच्या उपकेंद्रात बाळंतिणींची रांग लागायची.

माझंच सांगते. गावभर तांबी समजावत फिरणारी मी, घरात मात्र "मी सांभाळतो ना" यावर विसंबले. असं ऐनवेळी बाजूला होऊन सांभाळणाऱ्या 100 जोडप्यांपैकी वर्षात साधारण 20 जणींना दिवस जातात, हे मला पाठ होतं. तिसरा राहिला. तो आज मला पोसतो. म्हणून ती चूक नव्हती असं नाही. आम्ही ठरवलंच नव्हतं.

आणि हो, 1996 पर्यंत कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचं टार्गेट होतं, तेव्हा मी बायकांनाच ऑपरेशनला नेलं. बापयांची नसबंदी बिनटाक्याची, त्याच दिवशी घरी; तरी त्यांच्या दारात जायची माझी छाती झाली नाही. वरून आकडा मागायचे, मी कुठून आणणार होते? बायका ऐकायच्या, म्हणून बायका नेल्या. बोल लावणाऱ्यांनी तेव्हा माझ्याबरोबर एक पाखाडी चढून दाखवायची होती.

आपल्या मुरुडच्या कर्व्यांच्या रघुनाथरावांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यापायी नोकरी घालवली. शंभर वर्षं उलटली, आणि दापोलीची शिकलेली पोर लाल पेन घेऊन बसते!

आज रात्री त्याला फोन कर. मी करणार नाही. तांबी, निरोध, गोळी, जे काय ते दोघांनी ठरवा. "बघू" म्हणाला तर विचार, कधी बघू? निरोध आशाताईकडे मिळतात, लाजत असशील तर मी आणून ठेवते.

ते पान माझ्याकडेच राहिलंय. परत मागू नकोस.

तुझी काकी