टॅपेट वाजते तर वाजू द्या, आवळू नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच अंगण डोळ्यांपुढं आलं. तुमच्याही वडिलांची मार्क फोर अॅम्बेसेडर, पेट्रोल. सुरू केली की वरून टिक-टिक-टिक. गॅरेजवाला म्हणते इंजिन खोलावं लागते, आणि घरी लग्न आहे म्हणून तुम्ही विचारता, टॅपेट, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली गॅप, जरा टाईट करून घेऊ का? नका करू. मी केलं होतं.

टॅपेट कव्हर कसं काढायचं, फिलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) कसा धरायचा हे तुम्हाला येतच असेल, त्यात शिरत नाही. फक्त एवढं की इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे, गॅप पंधरा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.३८ मिमी, आणि दाबलेल्या व सेट करायच्या वॉल्वच्या नंबरांची बेरीज नऊची. आठवा वॉल्व पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सातवा दाबलेला तर दुसरा, असं. प्लग काढून हँडलनं फिरवा, सोपं जाते. हे सगळं १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाचं बोलतोय. इसुझूवाली १८०० किंवा डिझेल असेल तर यातलं काही लावू नका.

आता माझी कहाणी. आमच्या गाडीचा आवाज ऐकून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या गॅरेजनं बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "बोअर करावं लागते," म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठे करायचे. वडील भोळे, हो म्हणाले. रिंगा, पिस्टन, बेअरिंग सगळं नवं. चौदा हजार आणि दीड महिना. घरी आणली, तिसऱ्या दिवशी तीच टिक-टिक. परत नेली तर म्हणे, "जुनी गाडी आहे भाऊ, एवढा आवाज राहतेच." अरे बाप्पा, मग चौदा हजार कशाचे घेतले? बिलावर सहीसुद्धा नव्हती, तक्रार कुठं करणार.

मग बहिणीचं लग्न आलं. मे महिना. पाहुण्यांसमोर गाडी वाजू नये म्हणून मी स्वतःच बसलो. इंजिन गरम, हात भाजत होते, आणि फिलरनं पंधरा बरोबर दाखवत असूनही आवाज जाईना, म्हणून एकेक करत आठ थाऊवर आणले. आवाज असा गेला की गाडीतला रेडिओ नीट ऐकू यायला लागला. दोन दिवस मीच गावभर सांगत फिरलो, गॅरेजवाल्याला जमलं नाही ते मी केलं.

वऱ्हाडाच्या फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला दारव्ह्याहून यवतमाळला जाताना लाडखेडच्या पुढं गाडी मिसिंग मारायला लागली. पिकअप नाही, मागून फुस्स-फुस्स. सात माणसं, दोन पेटारे, डोक्यावर ऊन. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून आणली.

हेड, म्हणजे वॉल्व असतात तो इंजिनाचा वरचा भाग, काढलं तर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व, उंदरानं भाकर कुरतडावी तसा एका कडेनं खाल्लेला. एक्झॉस्ट वॉल्वची बहुतेक गर्मी उतरते ती सीटवर, म्हणजे तो बसतो त्या कडेवर, टेकल्यावर. गॅप मारून टाकली की तो पूर्ण टेकतच नाही आणि जळतो. ढिला टॅपेट वाजते, थोडी ताकद खाते, बस. टाईट टॅपेट काही बोलत नाही आणि हेड खाते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. या इंजिनाची सीट हेडच्या बिडातच कापलेली, ती शिशाच्या आधारानं टिकत होती. आता जोरात पळवली की एक्झॉस्टची सीट हळूहळू खाली बसते आणि गॅप आपोआप कमी होते. म्हणून तुमची गाडी एखाद दिवशी स्वतःहून शांत झाली तर खूश होऊ नका, फिलर लावून पाहा. हेड खोललंच तर लेथवाल्याकडून कडक सीटा बसवून घ्या.

मग आवाज होता कशाचा? ते सांगितलं आमच्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं, जो आयुष्यभर इंजिन पंपच दुरुस्त करत आला. त्यानं रॉकर हातात घेतला, वॉल्ववर घासते त्या नाकावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "हे पाय, खड्डा." वॉल्वच्या टोकाएवढा खड्डा. फिलरची रुंद पट्टी त्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर आडवी बसते, पंधरा दाखवते, खरी गॅप तेवढी अधिक खड्ड्याची खोली. त्यानं जुन्या फिलरची पट्टी ग्राइंडरवर घासून बारीक केली आणि त्या पट्टीनं मोजून दाखवलं. चौदा हजार आणि एक वॉल्व गेल्यावर कळलं. रॉकर ज्यावर हलतात तो शाफ्टही खालच्या बाजूनं खाल्लेला, आत काळा गाळ भरून तेलाची भोकं अर्धी बंद.

रॉकर बदललेलेच बरे. नाक घासून देणारे भेटतात, पण वरचा कडक थर गेला की लवकरच पुन्हा खड्डा. गाडी बनणंच २०१४ ला बंद झालं, त्यामुळे बहुतेक भंगारातून घ्यावे लागतील. घेताना नख फिरवून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

शाफ्ट काढताना सांभाळा. त्याचे काही नट हेडचेही नट आहेत. आधी रेडिएटरचं पाणी काढा, हेडचे सगळे नट क्रमानं थोडे-थोडे सैल करा, नाही तर गॅस्केट गेलंच समजा. रॉकरला खालून ढकलणारे पुश रॉड चपलांच्या खोक्याला आठ भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवा.

पण एवढं खोलायच्या आधी आवाज खरंच वरचा आहे का ते पाहा. कव्हर काढून इंजिन आयडलला ठेवा, एकेका गॅपमध्ये फिलर सरकवा. ज्याच्यात सरकवल्यावर टिक थांबते तो चोर. तेल थोडं उडते, बाही वर घ्या. इंजिन थंड असताना वाजून गरम झाल्यावर कमी होत असेल तर मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीची) पॅकिंगही असू शकते, तिथं साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. आणि ठोका खालून, चढावर, दणदण येत असेल तर ते टॅपेट नाही. मग गॅरेजवाला खरं बोलत असेल, मी मिस्त्री नाही, एवढंच सांगू शकतो.

वॉल्व जळला की नाही ते आज संध्याकाळीच कळेल. गाडी आयडलला ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी वहीचा कागद धरा. नुसता बाहेर फडफडला तर ठीक. मधेच आत ओढला गेला तर लग्नाला दुसरी गाडी सांगा, आणि कुठल्या सिलिंडरचा आहे ते कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहून इथं लिहा, पुढचं बघू.