टीम मिळालीये, आता आधी एक वही घे

अगं,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, कोच म्हणून हॉकीची टीम मिळाली म्हणून इतका आनंद झाला की तेव्हाच फोन लावणार होतो, पण फोनवर मी बोलत सुटलो असतो आणि तुझं विचारायचं राहूनच गेलं असतं, म्हणून नीट बसून लिहितोय. १६ पोरं आहेत, १४ वर्षांखालची, पहिली मॅच सहा आठवड्यांवर, आणि तुझे प्रश्न सगळे फॉर्मेशनचे (मैदानात कोण कुठे उभं राहणार) आणि पेनल्टी कॉर्नरचे (डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, फाऊल झाला की समोरच्या टीमला मिळणारी गोलची संधी). त्याचं सांगतो, पण शेवटी. त्याच्याआधी बरंच काही आहे.

पहिल्यांदा एक वही घे. मोबाईलमध्ये नको, वहीच घे, बेंचवर ठेवता येईल अशी. प्रत्येक मॅचला कोण किती मिनिटं खेळलं ते त्यात लिहायचं. हिशोब सोपा आहे बघ, १५ मिनिटांचे ४ क्वार्टर म्हणजे ६० मिनिटं, गोलकीपर सोडला तर मैदानात १० जण, म्हणजे वाटायला ६०० मिनिटं आली आणि गोलकीपर सोडून तुझ्याकडे पोरं १५, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० मिनिटं. तुमच्याकडे क्वार्टर छोटे असतील तर त्या हिशोबात कर. हॉकीत सबला, म्हणजे खेळाडू बदलायला, आकड्याची मर्यादा नाही, बाहेर आलेला पोरगा परत आत जाऊ शकतो, फक्त पेनल्टी कॉर्नर दिला की तो संपेपर्यंत बदल करता येत नाही. म्हणजे 'खेळवायला जमलंच नाही' असं म्हणायला हा खेळ कोचला जागाच ठेवत नाही. अगदी प्रत्येक मॅचला प्रत्येकी ४० झालेच पाहिजेत असं नाही म्हणत मी, पण महिनाभराची बेरीज केली की फरक फार नसावा.

हे मी एवढं जोर देऊन का सांगतोय, तर माझी पहिली काही वर्षं मी अशी वही ठेवली नव्हती आणि मला अगदी मनापासून वाटायचं की मी सगळ्यांना खेळवतो. एकदा एका पोराच्या आईनं मॅच संपल्यावर अगदी शांतपणे विचारलं, सर, हा काय चुकतोय तेवढं सांगाल का, म्हणजे घरी करून घेईन. चिडली नव्हती ती, खरंच विचारत होती. घरी येऊन मी आठवून आठवून कागदावर मांडलं तर तो पोरगा चार मॅचमध्ये मिळून एका मॅचइतकाही खेळला नव्हता. त्याचं काही चुकतच नव्हतं गं, बाकीच्यांपेक्षा वीतभर लहान होता आणि मॅच अटीतटीची झाली की माझी नजर आपोआप दांडग्या पोरांकडे जायची. पुढच्या सीझनला तो आला नाही. मी निरोप पाठवला तरी आला नाही. आजही टीम निवडताना तो डोळ्यासमोर येतो.

या वयात अंगानं मोठा आणि खेळात चांगला यात फार गल्लत होते. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आईस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा दिसलं की वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या महिन्यांतल्यांपेक्षा खूपच जास्त आहेत. वयोगट १ जानेवारीपासून मोजायचे, त्यामुळे जानेवारीचा पोरगा डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, म्हणून तो आधी निवडला जायचा, मग त्यालाच जास्त प्रॅक्टिस, जास्त मॅच, आणि शेवटी तो खरोखरच चांगला व्हायचा. खेळ वेगळा असला तरी आपल्याकडे हेच होतं. त्यात उंची झपाट्यानं वाढायचा काळ मुलींचा साधारण १२च्या आसपास आणि मुलांचा १४च्या आसपास येतो, पण कुणाचा दोन वर्षं आधी, कुणाचा दोन वर्षं नंतर. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नावापुढे जन्माचा महिना लिहून ठेव आणि टीम निवडताना ते पान उघडून बघ. आणि एखादा पोरगा अचानक धडपडायला लागला, कालपर्यंत येणारा ट्रॅप, म्हणजे आलेला बॉल स्टिकवर अडवणं, सुटायला लागला, तर त्याला आळशी म्हणू नकोस, हातपाय लांब झालेत त्याचे, अंदाज परत बसायला वेळ लागतो. याच काळात गुडघ्याखाली दुखतंय असं म्हणतात पोरं, ते अंगावर काढू देऊ नकोस, पळणं कमी कर आणि डॉक्टरला दाखवायला सांग.

आता प्रॅक्टिस. तू स्वतः खेळायचीस तेव्हा आपण जी मोठी रांग लावून ड्रिबल करायचो ना, ती आता मी पूर्ण बंद केलीये. १२ जणांची रांग, प्रत्येकाचं काम १० सेकंदांचं, म्हणजे २० मिनिटांत एका पोराला १० वेळा बॉल मिळतो, सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि उरलेली अठरा मिनिटं ते पोरगं स्टिकवर रेलून उभं. त्याऐवजी छोटे चौकोन आख, तीन विरुद्ध तीन खेळव, प्रत्येक चौकोनात एक बॉल, गोलपोस्टच्या जागी दोन कोन. पोरं दमतात, चुकतात, आरडाओरडा होतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता गोंधळ चाललाय, वाटू दे. वर बघायला, पास कुणाला द्यायचा ते ठरवायला, बॉल गेल्यावर लगेच मागे यायला पोरं तिथेच शिकतात, रांगेत हे काहीच नसतं.

बेसिकमध्ये दोनच गोष्टींवर अडून बस. एक म्हणजे ग्रिप. हॉकीत बॉल फक्त स्टिकच्या सपाट बाजूनं किंवा कडेनं खेळता येतो, मागच्या गोल बाजूनं नाही, म्हणून स्टिक सतत फिरवावी लागते, आणि फिरवायचं काम वरच्या डाव्या हाताचं. उजवा हात खाली, सैल, त्या मुठीतून स्टिक नळीतून फिरावी तशी फिरली पाहिजे. नवीन पोरं उजव्यानं गच्च आवळतात, मग रिव्हर्स, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळणं, कधीच येत नाही. फक्त डाव्या हातानं बॉल उजवीकडे-डावीकडे फिरवायला लाव, रोज पाच मिनिटं, कंटाळतील पण करून घे. स्टिकची लांबीही बघ, शेजारी उभी धरली तर साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावी. पालक कपडे घेतात तशी वाढत्या मापाची स्टिक घेतात आणि मग पोरगं वर्षभर ताठ उभं राहून खेळतं, गुडघ्यात वाकायची सवयच लागत नाही.

दुसरी ट्रॅप. बॉल यायच्या आधी खांद्यावरून एकदा मागे बघायचं आणि बॉल घेताना तो जिकडे न्यायचाय तिकडेच सोडायचा. जोरात हिट सगळ्यांना आवडतो, पण हिट नंतर येतो गं, पुश, म्हणजे बॉल न मारता ढकलणं, आणि ट्रॅप पक्का नसलेला पोरगा हिट मारून फक्त बॉल समोरच्याला परत देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोरानं चूक केली की लगेच त्याला बाहेर घेऊ नकोस. तुला बदल करायचाच होता, वेळ झाली होती, तरी दोन-तीन मिनिटं थांब, त्याला एखादा चांगला पास खेळू दे आणि मग बोलव. चुकल्या चुकल्या बाहेर काढलेला पोरगा एकच गोष्ट शिकतो, बॉल मागायचा नाही. मग तो असा उभा राहतो की पास त्याच्याकडे येऊच शकणार नाही, आणि बाहेरून आपल्याला वाटतं याला पोझिशनिंग कळत नाही. मी हे इतक्या टीममध्ये बघितलंय ना. बाहेर आल्यावरसुद्धा आधी त्याला विचार, काय दिसलं तुला तिथे, आणि त्याचं ऐकून घे, अर्ध्या वेळा त्याला चूक आधीच कळलेली असते.

गोलकीपरचं काय करणार आहेस ते तू लिहिलंच नाहीयेस. उशिरा येणाऱ्याला किंवा ज्याला पळता येत नाही त्याला पॅड बांधायचे, असं करू नकोस. सुरुवातीच्या महिन्यांत ज्याला ज्याला करून बघायचंय त्या सगळ्यांना संधी दे, कुणीतरी असा निघतोच ज्याला ते खरंच आवडतं. मग प्रत्येक प्रॅक्टिसला त्याच्यासाठी १५ मिनिटं वेगळी काढ, पायांची हालचाल, किकरनं (पावलावरच्या पॅडनं) बॉल बाहेरच्या बाजूला काढणं, जमिनीवरून पटकन उठणं. बहुतेक टीममध्ये गोलकीपर म्हणजे बाकीच्यांच्या शूटिंगला ठेवलेली भिंत असते, त्याला काही शिकवलंच जात नाही आणि गोल झाला की सगळे त्याच्याकडे बघतात. गोल झाल्यावर तू पहिलं त्याच्याकडे बघून हात वर कर.

शिन गार्ड आणि माउथ गार्डशिवाय कुणीही आत नाही, प्रॅक्टिसलासुद्धा. समोर पाच मीटरच्या आत कुणी उभं असेल तर बॉल त्याच्या अंगावर उचलायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांग. पालकांना सीझनच्या आधी एकदा बोलव आणि खेळायचा वेळ कसा वाटणार आहेस ते वही दाखवून सांग. बाहेरून टाळ्या चालतील, सूचना नकोत, हेही तेव्हाच सांगून टाक, मॅचच्या दिवशी सांगायला गेलीस तर भांडण होतं.

हां, फॉर्मेशन. कुठलंही घे, खरंच. बॉल आपल्याकडे असताना पसरायचं आणि नसताना आत यायचं, एवढं पोरांना जमलं की पुढचं तूच बघशील. फक्त प्रत्येक पोराला सीझनमध्ये निदान दोन जागांवर खेळव, बाराव्या वर्षी कुणीच फुलबॅक नसतं. आणि पेनल्टी कॉर्नरला साधा पुश, डीच्या बाहेर नीट स्टॉप आणि मग शॉट, बास. लक्षात ठेव, पहिला शॉट हिट असेल तर गोललाइन ओलांडताना बॉल ४६० मिमीच्या, म्हणजे गोलच्या तळाच्या बोर्डाच्या वर नसावा. ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकणं, सगळ्यांना हवा असतो, पण त्यात कंबरेला फार पीळ बसतो, वाढत्या अंगाच्या पोराकडून शंभर-शंभर फ्लिक मारून घेऊ नकोस. आणि कॉर्नरला आपण डिफेन्सला असताना गोलकीपर सोडून मागच्या चौघांच्या तोंडावर मास्क पाहिजेच.

पहिल्या तीन मॅच झाल्या की वही घेऊन ये. स्कोअर नको सांगूस, मिनिटांचं पान उघड, त्यात सगळ्यात खाली कोण आहे ते बघू आणि त्याच्याबद्दल बोलू.

तुझे,
सर