कालवड माजावर का येत नाही? वयापेक्षा वजन पाहा

प्रश्न : आमची संकरित कालवड २२ महिन्यांची झाली, तरी माजावर येत नाही, इंजेक्शन द्यावे का? छातीचा घेर ५२ इंच आणि लांबी ४४ इंच आहे. तसेच दोन महिन्यांच्या पारडीचे पोट सुटले आहे, केस तांबूस पडले आहेत आणि ती माती चाटते. काय करावे?

उत्तर : कालवडीला इंजेक्शन देण्याची घाई करू नये. आपण मापे घेऊन पाठवलीत, हे फार चांगले केले. छातीच्या घेराचा (इंच) वर्ग करून त्याला खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंतच्या लांबीने (इंच) गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. त्या हिशेबाने आपली कालवड १८० किलोच्या आसपास भरते. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाल्यावर रेतनास योग्य समजली जाते. जनावराचे शरीर आधी हाडे व स्नायू वाढवते आणि त्यातून उरले तरच प्रजननाकडे वळते. म्हणून अशा अशक्त कालवडीला औषधाने माजावर आणले, तरी ती गाभण राहण्याची आणि पुढे सुखरूप विण्याची खात्री नसते.

तिला रोज सुमारे १० किलो हिरवा चारा, दीड किलो कडबा कुट्टी, दीड किलो संतुलित खुराक आणि ३० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. जंतनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आधीच पाजावे. रोज अर्धा किलो वजन वाढले, तरी उरलेले ७० किलो भरायला साडेचार-पाच महिने लागतील, हे मनाशी धरूनच चालावे. दर महिन्याला एकाच दिवशी, सकाळी चारा टाकण्यापूर्वी, फितीने माप घेऊन वहीत लिहावे. २५० किलो भरूनही माज दिसला नाही, तर गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी. ही कालवड गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली असेल, तर मात्र तपासणी आत्ताच करावी, कारण अशा बहुतेक कालवडी वांझ असतात.

आता पारडीविषयी. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे : पहिल्या तीन महिन्यांत झालेली आबाळ. जन्मतः वासराच्या पोटाचा चौथा कप्पाच मोठा असतो आणि कोठीपोट (चारा आंबवणारा पहिला कप्पा) लहान व आतून गुळगुळीत असते. खुराकातील धान्य तिथे आंबून जी आम्ले तयार होतात, त्यांच्यामुळेच कोठीपोटाच्या अस्तरावर टॉवेलसारखी लव वाढते आणि चाऱ्यातले सत्त्व अंगी लागते. दूध तोडून नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या पारडीचे पोट फुगते, पण पाठ आणि मांड्या भरत नाहीत.

सुटलेले पोट हे जंतांचेही लक्षण आहे. म्हशीच्या पारड्यांना मोठ्या गोलकृमींची लागण आईच्या दुधातूनच होते, त्यामुळे गोठ्याबाहेर न गेलेली पारडीही सुटत नाही. म्हणून पहिले जंतनाशक १० ते १४ दिवसांच्या वयातच द्यायचे असते. आपल्याकडे ते राहिले असल्यास शेण तपासून लगेच द्यावे, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. काळ्या केसांना तांबूस छटा येणे हे बहुधा तांब्याची कमतरता दाखवते, तर माती चाटणे हे खनिजांच्या, विशेषतः फॉस्फरसच्या, कमतरतेमुळे होऊ शकते. यासाठी खनिज मिश्रण पुरेसे असते. तांब्यासाठी म्हणून मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) स्वतःच्या अंदाजाने पाजू नये, ते विषारी ठरते.

दूध एकदम तोडू नये. सडात उरलेल्या शेवटच्या धारांवर पारडी वाढत नाही. रोज दोन वेळा मोजून दूध पाजावे आणि ते हळूहळू कमी करावे. सोबत मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा, खनिज मिश्रण व थोडे मीठ असा खुराक मूठभरापासून सुरू करावा. ती रोज अर्धा-पाऊण किलो खुराक सलग खाऊ लागली, की मगच दूध बंद करावे. लाळ्या-खुरकूतची पहिली लस चौथ्या महिन्यात, तर सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान एकदाच टोचून घ्यावी.